गाईडसोबत शहर पाहायचंय? मग पहिल्याच दिवशी

मोठ्या शहरातल्या जुन्या, वेगवेगळ्या संस्कृतींच्या वस्त्या गाईडसोबत पाहायच्या असतील तर ती टूर सहलीच्या पहिल्या दिवशी घ्या. शेवटी ठेवली तर आवडलेल्या गल्लीत पुन्हा जायला वेळच उरत नाही.

बुकिंगआधी एक नक्की विचारा: वस्तीत पायी किती वेळ आणि बसमध्ये किती? दिवसात सात-आठ ठिकाणं उरकणारी टूर म्हणजे बहुतेक वेळा काचेतून पाहिलेलं शहर. तीन-चार वस्त्या पुरेत. गटही लहान बघा, नाहीतर मागे राहणाऱ्यांना गाईडचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. दुकानांचे थांबे किती, हेही आधीच कळू द्या. ‘कारागिरी दाखवतो’ म्हणून नेतात तिथे बऱ्याचदा खरेदीवर कमिशन असतं आणि अर्धा-पाऊण तास त्यातच जातो.

अनेक शहरांत संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे वार तपासा. प्रार्थनास्थळं असतील तर खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. आणि लोकांच्या दारा-खिडक्यांतून आत कॅमेरा रोखू नका, गाईड काही बोलला नाही तरी.

निरोप घेताना त्याला विचारा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः इथे कुठे फिरता? माहितीपत्रकात नसलेली एखादी जागा त्यातूनच कळते.