बँकॉकची ट्रीप शनिवारपासून उलटी मोजा: जळगाव-धुळेकडच्या मंडळींसाठी

आपल्याकडे कापूस विकून झाला, केळीचे पैसे हातात आले की जानेवारी-फेब्रुवारीत घरोघरी एकच विषय निघतो, यंदा बाहेर कुठेतरी जाऊ. बाहेर म्हटलं की बऱ्याच जणांचं पहिलं नाव बँकॉकच असतं कारण मुंबईहून साडेचार तासांच्या आत विमान पोचतं, फिरायला भरपूर आहे आणि खरेदी तर विचारूच नका. मी दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा चुकत-चुकत आणि दुसऱ्यांदा सासूबाई, नणंद, मुलं असे सहा जण नीट ठरवून, आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली, ती म्हणजे तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर उघडायचं आणि शनिवार कुठे येतो ते बघायचं.

कारण असं की तिथला चातुचाक बाजार खऱ्या अर्थाने भरतो तो शनिवार-रविवारीच. 27 सेक्शन, 15 हजारांच्या आसपास गाळे, कपडे, पर्स, चिनीमातीची भांडी, लाकडी वस्तू, झाडं, सगळं एका जागी. लोक पॅकेज घेतात सोमवार ते शुक्रवारचं आणि मग तिथे जाऊन हळहळतात. म्हणून प्लॅन उलटा बांधा. सोमवारी परतीचं विमान, रविवारी उरलेली खरेदी आणि पॅकिंग, शनिवारी चातुचाक, शुक्रवारी मंदिरं, गुरुवारी पहाटे तिथे उतरणं, म्हणजे बुधवारी रात्री मुंबईहून विमान आणि मंगळवारी रात्री जळगाव किंवा भुसावळहून गाडी. जळगाव ते मुंबई 420 किलोमीटर आहे, गाडी कधी लेट होईल सांगता येत नाही, पावसाळ्यात कसारा घाटात तर अजूनच, त्यामुळे विमानाच्याच दिवशी दुपारी मुंबईत पोचणारी गाडी धरू नका, सकाळी पोचा, कुणा नातेवाइकाकडे अंघोळ-जेवण करा आणि निवांत एअरपोर्टला जा.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आखाजीच्या सुट्टीत मुलं मोकळी असतात म्हणून एप्रिलमध्ये जाऊ नका. आपल्या 44-45 डिग्रीतून निघून तिथल्या दमट उन्हात पडायचं, आणि 13 ते 15 एप्रिलला त्यांचं नववर्ष, सोंगक्रान, रस्त्यावर पाण्याची धमाल असते पण लहान दुकानं बंद असतात. ज्यांना तो सणच बघायचाय त्यांची गोष्ट वेगळी.

कागदपत्रांचं पटकन सांगते. पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा, घरातल्या सगळ्यांचा तपासा, मुलांचे लवकर संपतात. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांना फिरण्यासाठी व्हिसा माफ केला पण हे नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या साईटवर बघून घ्या. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साईट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डवर इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या, तो आपोआप चालू नसतो.

पैशांचं थोडं सविस्तर. रुपये घेऊन गेलात तर रेट चांगला बसत नाही, डॉलर न्या आणि शक्यतो शंभराच्या नोटा, मोठ्या नोटेला तिथे रेट जास्त मिळतो. एअरपोर्टवर टॅक्सी-चहापुरतेच बदला, बाकीचे शहरात सुपररिचसारख्या पैसे बदलून देणाऱ्या काउंटरवर, पासपोर्ट सोबत ठेवून. एटीएममधून काढले तर तिथली बँक दरवेळी 220 बाटच्या (बाट म्हणजे तिथलं चलन) आसपास कापते, म्हणून थोडे थोडे काढण्यात नुकसान आहे. कार्ड स्वाईप करताना मशीन विचारतं रुपयात की बाटमध्ये, तेव्हा बाटच म्हणा, रुपयात त्यांचा रेट महाग पडतो.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. सुवर्णनगरीची माणसं सुवर्णभूमीला उतरली म्हणून आमच्या सासूबाईंना फार बरं वाटलं होतं. तिथून शहरात यायला एअरपोर्ट रेल लिंक आहे, टॅक्सीपेक्षा खूप स्वस्त, राचप्रारोप स्टेशनला उतरलं की प्रतुनाम भाग जवळ. राहायचं मी प्रतुनामलाच सुचवेन कारण कपड्यांचा होलसेल बाजार पायी अंतरावर, भारतीय जेवणाची हॉटेलं आजूबाजूला, आणि दुपारी पिशव्या रूमवर टाकून परत बाहेर पडता येतं, वयस्कर माणूस सोबत असला की याचं महत्त्व कळतं.

शुक्रवारी सकाळी ग्रँड पॅलेस, साडेआठला उघडतं, त्या वेळेलाच पोचा. तिकीट 500 बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी-ड्रेसवाल्यांना अडचण नाही, हाफपँट घातलेल्या मुलांना आणि पुरुषांना अडवतात. गेटच्या आसपास कुणी गोड बोलून सांगेल की आज पॅलेस बंद आहे, चला मी दुसरी मंदिरं दाखवतो, तर ऐकू नका, ते रिक्षावाले कमिशनच्या दुकानात नेऊन बसवतात. थेट गेटवर जा.

तिथून चालत वाट फो, 'वाट' म्हणजे तिथल्या भाषेत मंदिर. 46 मीटर लांब पहुडलेले सोनेरी बुद्ध. आपण अजिंठ्याच्या अंगणातली माणसं, 26 नंबरच्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती शाळेच्या सहलीत कितीदा पाहिलेली, ती साधारण सात मीटर. सासूबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "कितला मोठा शे रे भाऊ!" मग पायाच्या तळव्यांपर्यंत चालत गेल्या, तिथे शिंपल्यांची नक्षी आहे ती बराच वेळ बघत होत्या. या जागेला निदान तासभर द्या, फोटो काढून पळू नका. नंतर समोरच्या धक्क्यावरून नावेने नदी ओलांडली की वाट अरुण, संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतं. एक दिवस जास्तीचा असेल तर अयुथयाला जा, साधारण 80 किलोमीटर, जुनी राजधानी, नाव आपल्या अयोध्येवरून, 1767 मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली, झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक तिथेच आहे.

आता सोनं. जळगावचा माणूस याओवारातला, म्हणजे बँकॉकच्या चायनाटाऊनला गेला आणि लाल रंगाची सोन्याची दुकानं पाहून थांबला नाही असं होणारच नाही. तिथलं सोनं 96.5 टक्के शुद्ध, आपलं हॉलमार्कचं 22 कॅरेट 91.6, आणि ते तोळ्यात नाही तर 'बाट' या वजनात मोजतात, दागिन्याचा एक बाट म्हणजे 15.16 ग्रॅम. त्यामुळे भाव ऐकून लगेच तुलना करू नका, आधी ग्रॅमवर आणा. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. बायकांना 40 ग्रॅम आणि पुरुषांना 20 ग्रॅम दागिने ड्युटी-फ्री आणता येतात हे सगळे सांगतात, ती सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवस फिरून येणाऱ्यांसाठी नाही. म्हणून बघा, डिझाईन बघा, फोटो काढा, घ्यायचं ते जळगावात घ्या. आणि घरून पाटल्या, पोत असं जड काही घालून जाणार असाल तर निघताना मुंबई कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत येताना तेच सोनं तुमचंच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. खरं तर घरीच ठेवून जा.

चातुचाकला मेट्रोने जा, सकाळी लवकर. आत चुकामूक होतेच, म्हणून मधल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी भेटायचं ठरवून ठेवा. आवडलं तर तिथेच घ्या, परत तो गाळा सापडत नाही. भाव करायचा पण हसून, 'लोत दाय माय' म्हणजे कमी होईल का, दोन-तीन नग एकत्र घेतले की कमी करतात, आपल्या फुले मार्केटसारखी निम्म्यापासून सुरुवात केली तर त्यांना वाईट वाटतं. प्रतुनामच्या प्लॅटिनम मॉलमध्ये बऱ्याच दुकानात तीन नगांना होलसेल रेट लागतो, त्यामुळे नणंद-भावजयांनी मिळून घ्या. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते, शोपीस म्हणून उचलू नका.

मॉलमध्ये 'टुरिस्ट व्हॅट रिफंड'ची पाटी असेल आणि एका दुकानात एका दिवशी 2000 बाटच्या वर खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा. व्हॅट 7 टक्के आहे, त्यातला काही फीमध्ये जातो. खरेदी मोठी असेल तर एअरपोर्टवर बॅगा चेक-इन करण्याआधी कस्टम्सचा शिक्का घ्यावा लागतो, बॅग आत गेली की संपलं.

जेवणाचं शाकाहारी लोकांना जपावं लागतं कारण भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात. 'जे' असं सांगितलं की पूर्ण शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नसतो, आणि 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस नको. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू नेले होते, पहिले दोन दिवस त्यावरच निघाले. फाहुरातला भारतीय वस्ती आहे, याओवारातच्या शेजारीच, तिथे गुरुद्वाराही आहे.

वजन मात्र शेवटपर्यंत डोक्यात ठेवा. पहिल्या वेळी आम्ही उतरल्या दिवसापासून खरेदी सुरू केली आणि परतताना काउंटरवर सहा किलो जास्त निघालं, किलोमागे जे पैसे सांगितले त्यात त्या वस्तू पुन्हा घेता आल्या असत्या, शेवटी दोन चादरी आणि एक पिशवी तिथेच सोडून यावी लागली, मला अजून वाईट वाटतं. आता घरून बॅग अर्धी रिकामी नेते, हुकचा वजनकाटा सोबत, रविवारी रात्री प्रत्येक बॅग मोजायची. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. बिलं एका पाकिटात, कारण मुंबईत उतरल्यावर ठरावीक रकमेच्या वर सामान असेल तर ड्युटी लागते, ती मर्यादा 2016 च्या नियमांत 50 हजार होती, सरकार ती बदलतं, निघायच्या आधी कस्टम्सच्या साईटवर आजचा आकडा बघा.

परतीच्या गाडीचं रिझर्व्हेशन मात्र विमानाच्या तिकिटासोबतच काढा, मुंबईत उतरल्यानंतर किमान सहा-सात तासांनी सुटणारी गाडी, आणि शक्य तर लोअर बर्थ, एवढ्या बॅगा ठेवायला सीटखालची जागा लागतेच.