टॅली क्लाउडवर नेलंत? मग या चुका टाळा

जून लागला की सकाळी साडेनऊच्या सुमाराला माझा फोन वाजतो. "दादा, सर्व्हर उडाला. टॅली उघडतच नाही." कधी देवगडचा आंबा व्यापारी असतो, कधी वेंगुर्ल्याचा काजू कारखानदार. मी पहिला प्रश्न विचारतो, "रात्री लाईट गेली होती का?" पावसाळ्यात या प्रश्नाला "नाही" असं उत्तर क्वचितच मिळतं.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं तो सर्व्हर, म्हणजे क्लाउड कंपनीकडून भाड्याने घेतलेलं मशीन, मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठणठणीत चालू असतो. बिघाड इकडे, काउंटरखालच्या राऊटरपाशी असतो. लाईट गेली, राऊटर बंद पडला, लाईट आल्यावर पुन्हा सुरू झाला आणि इंटरनेटवाल्याने त्याला नवा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळखनंबर, दिला. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या राखणदाराकडे, मात्र जुन्या पत्त्यावरून येणाऱ्यालाच आत घ्यायचा नियम लिहिलेला. नव्या पत्त्यावरून कितीही दार ठोठावा, आतून ओ येणार नाही.

अशा वेळी मोबाईलवरून आपल्या क्लाउड खात्यात जा आणि मशीन 'रनिंग' दिसतंय का ते बघा. चालू दिसलं तर फायरवॉलकडे वळा, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या भाषेत सिक्युरिटी ग्रुपकडे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच त्यात शिरलात तर नियम बदलताना 'माय आयपी' असा पर्याय मिळतो. तो निवडला की सध्याचा पत्ता आपोआप भरला जातो. दोन मिनिटांचं काम. तुमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चालत असेल तर स्क्रीनवरचा मेसेजही नीट वाचा. बराच वेळ गोल फिरून 'टाइम्ड आउट' आलं तर बहुधा वाटेत अडवणूक आहे. लगेच 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण आतला प्रोग्राम बंद आहे, तो सुरू करायचा. हे दोन मेसेज वेगळे ओळखता आले तर निम्मी धावपळ वाचते.

खरी चूक यानंतर होते. रोज सकाळची कटकट नको म्हणून कुणीतरी नियमात ०.०.०.०/० टाकून देतं. याचा अर्थ जगातल्या कुणीही यावं. टॅलीसाठी घेतलेला विंडोज सर्व्हर रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दुरून मशीन वापरायच्या सोयीवर चालतो, तिचं दार म्हणजे ३३८९ नंबरचं पोर्ट, आणि हे पोर्ट कुठे उघडं आहे ते शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. सापडलं की पासवर्डवर पासवर्ड मारून बघतात.

एका काजू कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी अकाउंटंट बाईंनी लॉगिन केलं तर सगळ्या फाइलींच्या नावापुढे अनोळखी अक्षरांची शेपटी, एकही फाइल उघडेना, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी एक चिठ्ठी. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर. तोही कुलूपबंद. चार वर्षांची बी खरेदी, शेतकऱ्यांची देणी, सगळं गेलं. छापलेल्या पावत्यांवरून त्या बाई दोन महिने पुन्हा नोंदी करत होत्या. म्हणून हात जोडून सांगतो, ते पोर्ट सगळ्यांना उघडू नका. इंटरनेटवाल्याकडून कायमचा, म्हणजे स्टॅटिक आयपी घ्या, किंवा व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्या माणसांसाठीची खासगी वाट, बसवून घ्या. राऊटरला छोटा यूपीएस लावलात तर पत्ता बदलण्याची वेळही कमी येईल. आणि तरीही असा घाला पडलाच तर लपवू नका. कंपन्यांनी अशी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायचं, असा २०२२ चा आदेश आहे.

त्या कारखान्याच्या मालकांनी मला विचारलं होतं, "एवढी मोठी कंपनी, मग बॅकअप त्यांनी कसा नाही घेतला?" हा गैरसमज घरोघरी आहे. क्लाउडवर सर्व्हर घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पक्क्या इमारतीत गाळा भाड्याने घेणं. इमारत, वीज, थंडावा, मशीनची दुरुस्ती त्यांच्याकडे. गाळ्याचं कुलूप, आतला माल आणि त्या मालाची दुसरी प्रत तुमच्याकडे. विंडोजचे अपडेट आणि पासवर्डही तुमच्याकडेच. करारात हे लिहिलेलं असतं, पण दुकानात सेवा विकताना कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आणि पक्क्या इमारतीही जळतात. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर आगीत खाक झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यातल्या कित्येकांचा माल आणि प्रत दोन्ही गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा चिखलाने भरलेले सीपीयू आणि त्यांच्याच शेजारी ठेवलेल्या बॅकअपच्या हार्ड डिस्क एकत्रच उकिरड्यावर गेल्या. जागा दोन, चूक एकच. म्हणून एक प्रत सर्व्हरवर, दुसरी क्लाउडमध्येच पण दुसऱ्या रीजनमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागातल्या डेटा सेंटरमध्ये, आणि तिसरी घरी माळ्यावर, केबल काढून ठेवलेल्या डिस्कवर. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून, त्यामुळे दुसरी प्रतही देशातच राहते.

बॅकअप घेतला जातोय एवढं पुरेसं नाही, तो उघडून बघा. आपण मे महिन्यात घर शाकारून घेतो, त्याच आठवड्यात एक दिवस काढा. नवं तात्पुरतं मशीन उभं करा, बॅकअप त्यात घाला, गेल्या महिन्याचं खातं उघडा, दोन बिलं कागदाशी ताडून बघा आणि मशीन पुसून टाका. खर्च काही रुपयांचा. हे करताना मला आजवर रिकाम्या फाइली, विसरलेले पासवर्ड आणि आठ महिन्यांपूर्वी थांबलेले बॅकअप सापडलेत.

वेळेचा एक घोळही इथेच सांगतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या एका मासळी व्यापाऱ्याची तक्रार होती की बोटी लागून तोलाची घाई सुरू झाली की नेमका सर्व्हर गळपटतो. इंटरनेट बदललं, मशीन मोठं घेतलं, फरक शून्य. बॅकअप रात्री २ ला लावला होता, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्रीचा बॅकअप रोज सकाळी ७:३० ला चालत होता, ऐन गर्दीत. वेळ बदलली, त्या दिवसापासून तक्रार नाही.

मशीन रेंगाळण्याचं दुसरं कारण म्हणजे अ‍ॅमेझॉनचं स्वस्तातलं टी२ किंवा टी३ जातीचं मशीन. याला वेगाचं क्रेडिट मिळतं, शांत वेळी साठतं, गर्दीत खर्च होतं. टी२ मध्ये ते संपलं की वेग खाली येतो. टी३ मध्ये वेग बहुधा टिकतो, पण जादा वापराचे पैसे बिलात लागतात. तारकर्लीच्या होमस्टेची बुकिंगची साइट दिवाळीच्या सुट्टीत दुपारनंतर मंद होत असेल तर आधी या क्रेडिटचा आलेख बघा.

आता बिल. आंब्याचा सीझन संपला की बरेच जण मशीन 'स्टॉप' करतात आणि खर्च थांबला असं समजतात. थांबतं ते मशीनचं भाडं. डिस्कचं भाडं चालूच राहतं आणि सर्व्हरला कायमचा पब्लिक आयपी पत्ता घेतला असेल तर त्याचंही. अ‍ॅमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (नेहमीच्या जातीच्या आयपी पत्त्याला) तासाला अर्धा सेंट लावलाय, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर. आकडा छोटा, पण विसरलेली तीन-चार मशीनं असली की गणपतीपर्यंत चांगलाच खड्डा पडतो. खातं उघडल्याच दिवशी बजेटचा अलर्ट लावा आणि जीएसटी नंबर भरा. बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. नंबर नसला तर त्याचं क्रेडिट कसं घेणार?

एप्रिल-मे मध्ये वापर वाढून बिल १५,००० रुपयांच्या वर गेलं तर आणखी एक पेच येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्या रकमेपर्यंत कार्डाचे पैसे आपोआप कापले जातात, वर गेलं की दर वेळी ओटीपी लागतो. ओटीपी कुणी दिला नाही, पैसे गेले नाहीत, आठवणीचे मेल कुणी न बघणाऱ्या पत्त्यावर साचले, आणि ऐन पेट्या भरायच्या दिवसांत खातं बंद. मेल मालक स्वतः रोज उघडतो त्या पत्त्यावरच येऊ दे.

हा पत्ता कुणाचा आहे, हे आजच तपासा. सावंतवाडीच्या एका व्यापाऱ्याचं सगळं क्लाउड खातं ते उभं करून देणाऱ्या मुलाच्या खासगी ईमेलवर होतं, ओटीपीही त्याच्याच मोबाईलवर. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि वर्षभराने खात्यात शिरायची गरज पडली. तो भला होता. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन त्याने फोनवर ओटीपी सांगितला, मी इकडे आकडे टाकत गेलो. त्याच दुपारी ईमेल आणि मोबाईल नंबर मालकांचा केला, लॉगिनला त्यांच्या फोनवर दुसरा पडताळा लावला, आणि आणीबाणीत लागणारे कोड कागदावर लिहून त्यांनी ते तिजोरीत, सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवले.