डिस्क प्लेअर कसा निवडावा : आधी कपाट उघडा, मग दुकानात जा

प्लेअर घ्यायचा ठरला की बहुतेक जण माहितीपत्रके जमवू लागतात. माझा सल्ला असा की, त्याआधी घरातले डिस्कचे कपाट रिकामे करून सगळ्या डिस्क जमिनीवर मांडाव्यात आणि प्रकारांनुसार त्यांचे ढीग करावेत. कोणता प्लेअर लागणार याचे निम्मे उत्तर या ढिगांतच असते आणि उरलेले निम्मे ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला.

बहुतेक सगळ्या डिस्कचा व्यास १२ सेंटिमीटरच असतो, पण हे साम्य तेवढ्यापुरतेच. १९८२ साली बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीवर १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज असतो. २००६ मध्ये आलेली ब्लू-रे १९२० × १०८० बिंदूंचे चित्र देते, तर २०१६ पासूनची अल्ट्रा एचडी ब्लू-रे ३८४० × २१६० बिंदूंचे. मराठी घरांत यांच्याखेरीज नाटकांच्या आणि जुन्या चित्रपटांच्या व्हीसीडींचा एक गठ्ठा निघतोच. व्हीसीडीचे चित्र जेमतेम ३५२ × २८८ बिंदूंचे असल्यामुळे कितीही महागडा प्लेअर घेतला तरी मोठ्या टीव्हीवर ते धूसरच दिसणार. त्यासाठी पैसे वाढवू नयेत. मात्र नवा प्लेअर व्हीसीडी मुळात वाचतो की नाही, हे विचारून घ्यावे. वाचत नसेल, तर चालू स्थितीतला जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात देण्याची घाई करू नये.

संगीताच्या ढिगाकडे जरा निरखून पाहावे. एखाद्या कव्हरवर ‘सुपर ऑडिओ सीडी’ची खूण सापडली, तर त्या डिस्कमध्ये बहुधा दोन थर असतात : एक साध्या सीडीचा आणि दुसरा अधिक बारकाव्याच्या ध्वनिमुद्रणाचा. साधा प्लेअर पहिलाच थर वाचतो आणि काही तक्रारही करत नाही, त्यामुळे अशी डिस्क वर्षानुवर्षे बाळगूनही तिच्यातला खरा ऐवज कानावर न पडलेले लोक आहेत. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ हा प्रकार वाचतो. चित्राच्या बाबतीत नावाजलेला पॅनासॉनिकचा डीपी-यूबी८२० वाचत नाही. सर्व प्रकार वाचणाऱ्या प्लेअरसाठी ओळखल्या जाणाऱ्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये हा व्यवसाय थांबवला, तेव्हा त्यांचा प्लेअर घ्यायचा तर तो वापरलेलाच घ्यावा लागतो आणि अशा वेळी लेझर किती चालला आहे याचा अंदाज करणे कठीण असते.

आता ॲम्प्लिफायर किंवा रिसिव्हर (चित्र आणि आवाज दोन्हींच्या जोडण्या असलेला, अनेक स्पीकरचा ॲम्प्लिफायर) पुढे ओढून त्याची मागची बाजू पाहावी. इथे माझी चूक सांगणे उपयोगी ठरेल. ऑप्टिकल केबल (प्रकाशावाटे डिजिटल आवाज नेणारी) घरात पडून होती म्हणून मी नवा ब्लू-रे प्लेअर तिनेच जोडला आणि कित्येक महिने मैफलींच्या डिस्क ऐकून, काय आवाज आहे, असे पाहुण्यांना सांगत राहिलो. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनलचा असंकुचित आवाज किंवा साधे, संकुचित डॉल्बी डिजिटल व डीटीएस एवढेच जाते. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे काहीही न गाळलेले आवाजाचे प्रकार मूळ स्वरूपात न्यायचे तर चित्र आणि आवाज एकत्र नेणारी एचडीएमआय केबलच लागते. रिसिव्हर जुना असून फोर-के (म्हणजे अल्ट्रा एचडी) चित्र पुढे पाठवू शकत नसेल, तर दोन एचडीएमआय आउटपुट असलेला प्लेअर घ्यावा. एक केबल थेट टीव्हीला आणि दुसरी केवळ आवाजासाठी रिसिव्हरला, अशी जोडणी केली की चांगला चालणारा रिसिव्हर बदलावा लागत नाही. वर उल्लेखलेल्या दोन्ही प्लेअरमध्ये ही सोय आहे.

किती खर्च करावा, हे डिजिटल आवाजाचे ॲनालॉगमध्ये रूपांतर कोणत्या उपकरणात होणार यावर ठरवावे. एचडीएमआयने आवाज रिसिव्हरकडे जात असेल, तर ते काम रिसिव्हर करतो आणि प्लेअरमधली महागडी ॲनालॉग सर्किट नुसती बसून राहतात. याउलट दोन चॅनलच्या ॲम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या पिनांनी जोडणी करायची असेल, तर प्लेअरमधल्या रूपांतरकावरच सगळे अवलंबून असते. एक्स८००एम२ला ही लाल-पांढरी आउटपुट नाहीतच, यूबी८२०ला ७.१ चॅनलपर्यंत (सात स्पीकर आणि एक सबवूफर) आहेत. निव्वळ सीडी ऐकणाऱ्याने चित्रपटाच्या प्लेअरमध्ये पैसे न गुंतवता वेगळा सीडी प्लेअर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

चित्राबाबत टीव्ही काय स्वीकारतो तेवढेच पाहावे. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे उजेड-अंधारातला फरक अधिक स्पष्ट दाखवणारे चित्राचे दोन प्रकार. सॅमसंगचे टीव्ही पहिला घेत नाहीत, दुसरा घेतात. यूबी८२० दोन्ही देतो. एक्स८००एम२मध्ये डॉल्बी व्हिजन आहे, पण ते मेनूत जाऊन स्वतः चालू करावे लागते. गेमसाठी घरात प्लेस्टेशन ५ असेल, तर डिस्क ड्राइव्ह असलेल्या यंत्रावर अल्ट्रा एचडी चित्रपट चालतात, ऑडिओ सीडी मात्र चालत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून प्लेअर मागवण्याचा मोह अनेकांना होतो. पण डिस्क आणि प्लेअर यांना जगाच्या विभागांनुसार बंधन असते. भारताचा विभाग डीव्हीडीसाठी ५ आणि ब्लू-रेसाठी सी. अमेरिकेचा अनुक्रमे १ आणि ए. अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाचे बंधन नाही, पण इथे घेतलेल्या ब्लू-रे तिथल्या प्लेअरवर अडू शकतात. प्लेअर २३० व्होल्टवर चालतो का, हेही मागच्या लेबलवर वाचून घ्यावे.

दुकानात जाताना ख्यालगायनाची एखादी अशी सीडी न्यावी, जिच्यात विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असून मध्ये तंबोरा अखंड चालू आहे. काही प्लेअर ट्रॅक बदलताना क्षणभर थांबतात. तंबोऱ्याचा झंकार मध्येच तुटला की हा दोष कोणालाही कळतो. आलापीच्या शांत जागी यंत्राची घरघर ऐकू येते का, ट्रे अडखळत बाहेर येतो का, डिस्क घातल्यापासून पहिला स्वर यायला किती वेळ लागतो, हेही तिथेच पाहावे. विक्रेता त्याच्याजवळची झगमगीत डिस्क लावू लागेल. आपण आपलीच लावण्याचा आग्रह धरावा.

घरी जोडणी झाल्यावर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ (डिस्कवरचा आवाज न उलगडता रिसिव्हरकडे पाठवणे) निवडावे आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद करावे, कारण तो चालू राहिला तर प्लेअर मूळ आवाजात मेनूचे आवाज मिसळण्यासाठी त्याचे स्वरूप बदलून पाठवू शकतो. मग ट्रूएचडी आवाज असलेली डिस्क लावावी आणि तिच्या मेनूत तोच ट्रॅक निवडून रिसिव्हरच्या दर्शनी भागावर ‘डॉल्बी ट्रूएचडी’ ही अक्षरे उमटतात का ते पाहावे. नुसते ‘डॉल्बी डिजिटल’ दिसले, तर पाहुण्यांना बोलावण्याआधी केबल आणि सेटिंग पुन्हा तपासावे.