जुन्या अमेरिकन पिकअपचे खरे साल कसे ओळखावे

जुन्या अमेरिकन पिकअपच्या कागदावर लिहिलेले साल सगळ्यात शेवटी वाचावे. कागद खोटे असतात असे माझे म्हणणे नाही; बहुतेक वेळा ते प्रामाणिकपणेच चुकलेले असतात. अमेरिकेत वाहनाची नोंदणी राज्यागणिक वेगळी होते आणि पूर्वी काही ठिकाणी गाडी ज्या साली विकली गेली तेच तिचे साल म्हणून नोंदले जाई, मग ती कारखान्यातून आदल्या वर्षी बाहेर पडलेली का असेना. शिवाय १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक राज्यांत इंजिनावरचा नंबरच गाडीचा नंबर म्हणून कागदावर चढत असे. शेतावर राबणाऱ्या गाडीचे इंजिन पुढे दोन-तीनदा बदलले गेले, कागद मात्र जुनाच राहिला, आणि अशा गाडीचे साल कागदावरून ठरवू पाहणारा माणूस भलत्याच इंजिनाचा इतिहास वाचत बसतो.

म्हणून सुरुवात केबिनपासून करावी. पुढची जाळी, बॉनेटवरची नावपट्टी, चाकांच्या टोप्या, बंपर या वस्तू बोल्टवर बसतात आणि तासाभरात बदलतात. त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. पुढच्या काचेची चौकट, तिच्या दोन्ही बाजूंचे खांब, छत आणि दरवाजाचा आकार बदलायचा तर पत्रा कापावा लागतो, आणि कापलेला पत्रा कितीही घासला तरी आतल्या बाजूला जोडाची खूण ठेवतोच. जे बदलायला सर्वांत कठीण ते आधी पाहायचे आणि जे सहज बदलते ते नंतर, हा क्रम सोडला नाही तर पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

पण कोणत्या साली काय बदलले आणि का बदलले हे ठाऊक असल्याशिवाय नुसते पाहून उपयोग नाही. कारखान्यात तयार झालेली पिकअप म्हणून फोर्डने १९२५ च्या एप्रिलमध्ये मॉडेल टी रनअबाउट बाजारात आणली, किंमत २८१ डॉलर. मागचा पोलादी हौदा ५६ इंच लांब आणि १३ इंच खोल होता, फळा वरखाली करता येत होता आणि मागच्या स्प्रिंग अधिक दणकट होत्या. त्याआधी शेतकरी आणि गावोगावचे सुतार-लोहार मोटारीचा मागचा भाग काढून त्या जागी आपल्या हाताने हौदा बसवत. त्यामुळे १९२५ पूर्वीच्या मॉडेल टीला हौदा दिसला तर तो कारखान्यातला नाही, एवढे निश्चित समजावे; त्यामुळे ती गाडी कमी मोलाची ठरत नाही, फक्त तिची गोष्ट वेगळी ठरते.

मोटारी आणि पिकअप यांच्यातला एक भेद येथे लक्षात ठेवावा. शेव्हरलेची मालक असलेल्या जनरल मोटर्समध्ये आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी नवे रूप आणण्याचे धोरण रुजवले आणि हार्ली अर्ल यांच्या कलाविभागाने ते पत्र्यात उतरवले, त्यामुळे मोटारीचे साल लांबूनही सांगता येते. पिकअप हे कामाचे अवजार होते. तिची केबिन सहा-सात वर्षे तशीच चाले आणि दरवर्षी एखादी कडी, एखादी काच, एखादी दांडी तेवढी बदले. साल नेमके या बारकाव्यांत लपलेले असते. त्यातच युद्धामुळे एक खंड पडला. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी मोटारींचे उत्पादन थांबले, आणि युद्धानंतर कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा जुनेच साचे वापरात आले. १९४६ ची गाडी १९४१ सारखी दिसते ती यामुळे. या काळातल्या गाडीचे साल नुसत्या रूपावरून सांगण्याची घाई करू नये.

शेव्हरले, १९४७ ते १९५५

या गाड्यांपाशी जरा जास्त वेळ थांबावे, कारण आज लोकांच्या मनात जुन्या अमेरिकन पिकअपचे जे चित्र असते ते बहुधा याच गाडीचे असते, आणि वर्षावर्षाचा फरक शिकायला हिच्याइतकी चांगली शाळा नाही. १९४७ च्या उन्हाळ्यात आलेली ही ॲडव्हान्स डिझाइन मालिका १९५५ च्या पूर्वार्धापर्यंत चालली. अर्धा टन भार वाहणाऱ्या गाडीला ३१००, पाऊण टनाच्या गाडीला ३६०० आणि एक टनाच्या गाडीला ३८०० हे क्रमांक होते.

आधी पुढची काच पाहावी. मधोमध उभी पट्टी असून काच दोन तुकड्यांची असेल तर गाडी १९५३ पर्यंतची. एकसंध वक्र काच असेल तर १९५४ किंवा १९५५ च्या पूर्वार्धातली. मग दरवाजापाशी यावे. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात उघडणारी तिकोनी काच १९५१ पासून आली. ती नसेल तर गाडी १९५० किंवा त्याआधीची. बाहेरची कडी खाली दाबून फिरवायची आहे की अंगठ्याने दाबायचे बटण आहे, तेही पाहावे. बटण १९५२ च्या सुमाराचे आणि त्यानंतरचे. आता केबिनमध्ये बसावे. तीन गिअरच्या ३१०० ची दांडी जमिनीतून वर आलेली असेल तर ती १९४७ ची, कारण पुढच्याच वर्षी दांडी स्टिअरिंगच्या खांबावर गेली. चार गिअरच्या गाडीला हा नियम लागू नाही, तिची दांडी जमिनीवरच राहिली. शेवटी पेट्रोलचे तोंड शोधावे. १९४९ पासून टाकी केबिनमध्ये आसनाच्या मागे आली, म्हणून तिचे तोंड केबिनच्या बाजूला दिसते. त्याआधी टाकी हौद्याखाली होती आणि तोंड हौद्याच्या बाजूला.

समजा, कागदावर १९५२ लिहिलेली एक ३१०० समोर आहे. पुढच्या काचेला मधली पट्टी नाही. दरवाजावर बटणाची कडी आहे. जाळीही १९५४ ला आलेल्या नव्या नमुन्याची आहे. मालक सांगतो की काच नंतर बदलली. इथे चौकटीच्या वरच्या कडेवरून, आतल्या बाजूने, बोटे फिरवावीत. सलग दाबलेला पत्रा गुळगुळीत लागतो. कापून जोडलेल्या पत्र्याला वेल्डिंगची बारीक सरी लागते आणि मधल्या पट्टीच्या जुन्या बैठकीपाशी भरण जाणवते. बोटांना काहीच लागले नाही तर केबिन १९५४ किंवा १९५५ च्या पूर्वार्धातली आहे आणि कागद दुसऱ्या कुठल्यातरी चेसिससोबत, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यासोबत, आलेले आहेत. चेसिस आणि केबिन यांचे असे लग्न लावून दिलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, पण घेणाऱ्याला ते कळले पाहिजे.

केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत वळणदार काचा असलेल्या गाडीला जास्त मागणी असते. या काचा कारखान्यात जादा पैसे घेऊन बसवल्या जात. मागणीमुळे साध्या केबिनचे कोपरे कापून त्या नंतर बसवण्याचा उद्योगही होतो, म्हणून इथेही हात आतूनच फिरवावा.

फोर्डची एफ-मालिका

फोर्डने १९४८ च्या मॉडेलपासून एफ-१ ते एफ-८ अशी मालिका आणली आणि १९५३ मध्ये एफ-१ ची एफ-१०० झाली. एफ-१ ओळखताना जाळीत खोलवर बसलेल्या पाच आडव्या पट्ट्या दिसल्या तर ती १९४८ ते १९५०, आणि एका जाड आडव्या पट्टीवर तीन दात दिसले तर १९५१ किंवा १९५२. जाळीवर विसंबू नये हे वर सांगितलेच आहे, म्हणून खात्रीसाठी मागची काच पाहावी. १९५१ पासून ती रुंद झाली.

एफ-१०० मध्ये १९५६ चे साल वेगळे पडते. १९५३ ते १९५५ पर्यंत पुढच्या काचेचे खांब वर जाताना मागे कलतात. १९५६ मध्ये ते जवळपास उभे झाले आणि काच कोपऱ्यांवरून वळून मागे आली. ही केबिन एकाच वर्षापुरती होती, त्यामुळे तिचे साल खांबांकडे पाहूनच कळते आणि तिची पुढची काच दुसऱ्या सालाच्या एफ-१०० ला लागत नाही. याच वर्षी फोर्डची विजेची व्यवस्था ६ व्होल्टची १२ व्होल्ट झाली. त्याआधीच्या फोर्डमध्ये बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असे. १९५५ च्या गाडीला बॅटरी जोडण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे, नाहीतर रेडिओपासून करंटच्या काट्यापर्यंत सगळे उलटे चालते किंवा जळते. बॉनेट उघडल्यावर वाल्व्ह ब्लॉकच्या बाजूला असलेले, वर सपाट झाकणे असलेले व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले इंजिन) दिसले तर ते १९३२ पासून चालत आलेले इंजिन. अमेरिकेतल्या पिकअपमध्ये ते १९५३ पर्यंतच बसले.

१९६१ ते १९६३ मध्ये फोर्डने केबिन आणि हौदा एकाच पत्र्यात जोडलेली पिकअपही विकली. केबिनच्या पाठीमागे फट दिसत नसेल तर ती हीच. भार जास्त झाला की पत्रा ताणला जाऊन दरवाजे अडकतात अशी तिची ख्याती झाली आणि प्रयोग तिथेच संपला.

दिवे आणि कायदा

पुढचे दिवे हे सालाचे चांगले साधन आहे, कारण त्यांचा आकार कारखान्याच्या मर्जीपेक्षा नियमांनी ठरत होता. १९४० च्या मॉडेलपासून सात इंची सीलबंद दिवे सगळीकडे आले. चार दिव्यांची जोडणी १९५८ च्या मॉडेलपासून सर्रास झाली. शेव्हरले पिकअपवर ती १९५८ ते १९६१ आणि फोर्डवर १९५८ ते १९६० एवढीच टिकली, मग दोन्ही कंपन्या पुन्हा दोन दिव्यांवर आल्या.

१९६८ पासून पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या बाजूला दिवे किंवा परावर्तक असणे केंद्रीय नियमाने सक्तीचे झाले. १९६७ ते १९७२ ची शेव्हरले पिकअप आज फार आवडती आहे, आणि तिच्यात बाजूला दिवे नसणारे साल फक्त १९६७. दिव्याची भोके बुजवून १९६८ ची गाडी १९६७ म्हणून दाखवणे अवघड नाही, म्हणून मडगार्डची आतली बाजू विजेरी घेऊन तपासावी. याच मालिकेत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९७१ ला आले. १९७१ आणि १९७२ यांच्यातला फरक तर एका आरशाएवढाच म्हणावा लागेल: १९७२ मध्ये आतला आरसा छताऐवजी काचेवर चिकटवला गेला.

जाहिरातींतल्या अश्वशक्तीबाबत एक सावधगिरी सांगतो. १९७२ पासून आकडे इंजिन गाडीत बसवल्यानंतरच्या शक्तीचे दिले जाऊ लागले, त्याआधी ते उघड्या इंजिनाचे असत. १९७१ आणि १९७२ च्या आकड्यांत जी मोठी घसरण दिसते तिचा बराच भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

डॉजची पॉवर वॅगन १९४६ पासून १९६८ पर्यंत अमेरिकेत जवळपास त्याच रूपात विकली गेली. तिचे साल बाहेरून सांगण्याच्या फंदात पडू नये, सरळ नंबर वाचावा.

ठोकलेले आकडे

सतरा आकड्यांचा एकसारखा नंबर १९८१ पासूनचा आहे. त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. ॲडव्हान्स डिझाइन शेव्हरलेची पट्टी चालकाच्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावर असते. तिच्यावर ५-जी-पी-सी आणि पुढे क्रम असेल तर ५ म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना, जीपी म्हणजे १९४९ ची अर्ध्या टनाची गाडी आणि सी म्हणजे मार्च महिना. १९४८ ला एफपी, १९५० ला एचपी, १९५१ ला जेपी. पट्टी दोन स्क्रूंवर बसते, म्हणजे तीही हलू शकते. स्क्रूंच्या भोवतीचा रंग तुटलेला आहे का ते बघावे. फोर्डचा नंबर चेसिसच्या लोखंडावरच ठोकलेला असतो, म्हणून तो शोधायला गंज खरवडावा लागला तरी मेहनत घ्यावी.

मोटारींसाठीही रीत हीच. १७ एप्रिल १९६४ ला २,३६८ डॉलर किमतीला आलेल्या फोर्डच्या मस्टँगचा नंबर ५-आर-०७-टी असा सुरू झाला तर साल १९६५, कारखाना सॅन होजे, बंद छताचे दोन दरवाजे आणि २०० घनइंची सहा सिलिंडरचे इंजिन. त्या गाडीत आज व्ही-८ असेल तर ते नंतर आलेले आहे, मालक काहीही म्हणो. पाचव्या जागी के असेल तर मात्र नीट थांबून पाहावे, कारण ते २८९ घनइंची, जास्त शक्तीचे इंजिन असून त्यासाठी लोक बनावट नंबरही ठोकतात. एप्रिल ते ऑगस्ट १९६४ च्या पहिल्या गाड्यांत डायनॅमो होता, नंतर अल्टरनेटर आला; नोंद मात्र सगळ्यांचीच १९६५.

शेवटी इंजिनाच्या बिडावरची ओतकामाची तारीख वाचावी. शेव्हरलेच्या छोट्या व्ही-८ वर ती ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडली जाते तिथल्या कडेवर असते. आधी महिन्याचे अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस आणि शेवटी सालाचा अखेरचा आकडा. सी-१४-७ म्हणजे सातने संपणाऱ्या सालातला १४ मार्च. दशक कोणते ते ब्लॉकच्या ओतीव क्रमांकावरून ठरवावे लागते. ही तारीख गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची असायला हवी, साधारण काही आठवड्यांची. ती गाडीच्या तारखेनंतरची निघाली तर ब्लॉक बदललेला आहे. १९६८ पासून जनरल मोटर्सने इंजिनावर गाडीच्या नंबराचा शेवटचा भागही ठोकायला सुरुवात केली, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत ही पडताळणी मिनिटाभरात होते.

केबिन, दिवे, नंबर आणि ओतकाम या चार ठिकाणची साले एका कागदावर एकाखाली एक लिहावीत आणि मग नोंदणीचा कागद उघडून त्यांच्याशेजारी ठेवावा.