परसातील वराहपालन: पिल्ले आणण्याआधी गिऱ्हाईक कसे मोजावे

परसात दोन-चार डुकरे पाळून जोडउत्पन्न मिळवावे, असा विचार गोव्यातल्या बार्देश-सासष्टीत किंवा सीमेलगतच्या सावंतवाडी-दोडामार्ग भागात अनेकांच्या मनात येतो आणि त्यात गैर काही नाही. गोव्यात डुकराचे मांस खाणारे पुष्कळ आहेत, तेव्हा माल खपणारच, असे गृहीत धरून मात्र पिल्ले आणली जातात आणि हिशेब तिथेच चुकतो. कोणता माणूस, कोणत्या तारखेला, कोणत्या स्वरूपात आणि किती किलो माल घेणार, या चार गोष्टी नावानिशी वहीत लिहिता आल्या, तरच मागणी कळली असे समजावे.

चारांपैकी तारखेपासून सुरुवात करावी, कारण या धंद्यात मागणी वर्षभर सारखी वाहत नाही. नाताळात ख्रिस्ती घरांत सोर्पोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा, शिजते, त्यामुळे डिसेंबरचा शेवटचा आठवडा सर्वांत जोराचा. त्याखेरीज गावोगावची फेस्ते (चर्चचे उत्सव), कार्निव्हल, ईस्टर आणि लग्नसराई असते. पावसाळ्याच्या बेगमीसाठी चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, उन्हाळ्यात करून वाळवतात, म्हणून चोरीस करणाऱ्यांची खरेदी पावसाआधीच्या कडक उन्हात वाढते. याउलट कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, अगदी थंड असतो. पुष्कळ घरांत तेव्हा मांस वर्ज्य असते आणि लग्नेही होत नाहीत. ईस्टरची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान दरवर्षी सरकत असल्याने हा थंड काळही सरकतो. २०२६ साली ईस्टर ५ एप्रिलला होता, २०२७ साली तो २८ मार्चला आहे. म्हणून गेल्या वर्षीची वही पुढच्या वर्षी तशीच वापरता येत नाही.

हे मी फुकट शिकलो नाही. पहिल्या खेपेला माझी दोन डुकरे कोरेज्मच्या दुसऱ्या आठवड्यात विक्रीच्या वजनाला आली. ज्यांनी आधी तोंडभरून होकार दिला होता, त्यांनी ‘पास्कानंतर बघू’, म्हणजे ईस्टरनंतर, असे सांगितले. पुढचे पाच-सहा आठवडे प्रत्येकी रोज अडीच किलोच्या आसपास खाद्य द्यावे लागले आणि पाठीवर चरबीचा थर जाड झाल्याचे कारण सांगून खाटकाने अखेर भावही उतरवला. खाद्य आणि भाव, दोन्हीकडून नुकसान.

त्यामुळे विक्रीची तारीख ठरवून उलट मोजत यावे. संकरित डुक्कर, म्हणजे बहुधा यॉर्कशायर या विलायती जातीचे रक्त असलेले, चांगल्या खाद्यावर साधारण आठ ते दहा महिन्यांत ८० ते १०० किलो भरते. नाताळासाठी माल हवा असेल, तर दोन महिन्यांची, दूध तुटलेली पिल्ले एप्रिलच्या मध्यापर्यंत परसात आलेली असावीत. घरची मादी असेल तर आणखी मागे जावे लागते. गाभणकाळ ११४ दिवसांचा असल्याने फेब्रुवारीच्या मध्याला पिल्ले मिळण्यासाठी आदल्या ऑक्टोबरच्या अखेरीस नर दाखवावा लागतो.

मग किलोचा हिशेब करावा. ९० किलोच्या डुकराचे हाडांसह साधारण ६५ किलो मांस मिळते. एक कुटुंब सणाला अडीच किलो घेते असे धरले, तर एका डुकरासाठी पंचवीस-सव्वीस घरे लागतात आणि चारांसाठी शंभरावर. शीतपेटी नसताना हे मांस दीड-दोन दिवसांत हातावेगळे करायचे असते. वहीत तीस घरांची नावे असतील, तर नाताळासाठी एकच डुक्कर वाढवावे. दुसऱ्याचा विचार त्या एकाचे मांस प्रत्यक्ष विकले गेल्यावर करावा.

घरगुती गिऱ्हाइकाशिवाय निदान तीन प्रकारचे खरेदीदार तपासून पाहावेत, कारण प्रत्येकाची गरज वेगळी असते. खाटीक जिवंत डुक्कर वजनावर घेतो. भाव कमी देतो, पण कापण्याची आणि विकण्याची कटकट त्याची असते. चोरीस करणाऱ्या बायकांना चरबी हवी असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा मांडून बसलेल्या एकीला मी मोठ्या अभिमानाने सांगितले की माझ्या डुकरात चरबी फारच कमी आहे. ‘मग चोरीस सुकून दोरी होईल रे बाबा,’ असे म्हणून ती हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. जी गोष्ट मी गुण म्हणून सांगत होतो, तीच तिच्या दृष्टीने खोट होती. तिसरा खरेदीदार म्हणजे लग्नाचे किंवा फेस्ताचे जेवण करून देणारा आचारी. त्याला कधी अख्खे भाजण्यासाठी लहान पिल्लू लागते, कधी सोर्पोतेलसाठी मांसाबरोबर काळीज आणि हृदय लागते. पिल्लाच्याच वजनात विकले तर आठ महिन्यांचे खाद्य वाचते, म्हणून ही मागणी लहान असली तरी परसातल्या माणसाने ती आधी विचारावी.

प्रश्न कसा विचारला यावरही पुष्कळ अवलंबून असते. ‘डुक्कर पाळले तर घ्याल का?’ या प्रश्नाला कोणीही नाही म्हणत नाही, कारण होकाराला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी गेल्या नाताळात किती किलो घेतले, कोणाकडून, काय भावाने आणि त्यात काय आवडले नाही, हे विचारावे. झालेल्या खरेदीबद्दल माणूस सहसा खरे सांगतो. शेवटी थोडी रक्कम आगाऊ मागावी. देणाऱ्यांची नावे एका पानावर आणि नुसत्या होकाराची दुसऱ्या पानावर लिहावीत. पिल्लांची संख्या पहिल्या पानावरून ठरवावी.

अशा विचारपुशीत गिऱ्हाईक हमखास विचारते की डुकराने खाल्ले काय. गोव्यात एकेकाळी संडासामागेच डुकरे पोसली जात आणि तो संशय अजून पुरता गेलेला नाही. सिमेंटच्या जमिनीचा गोठा प्रत्यक्ष दाखवता आला आणि हॉटेलचे उरलेले अन्न उकळूनच घालतो हे सांगता आले, तर थोडा जास्त भाव देणारे भेटतात. काहींना मात्र चवीसाठी गावठी काळे डुक्करच हवे असते. काणकोण तालुक्यातल्या आगोंदच्या नावाने ओळखली जाणारी स्थानिक जात आता देशी जात म्हणून नोंदलेलीही आहे. तिचे डुक्कर आकाराने लहान असते, तेव्हा वरचा किलोचा हिशेब तिच्यासाठी नव्याने मांडावा लागेल.

भावाची चौकशी करताना आपली खालची मर्यादा आधी काढून ठेवावी. विकतच्या खाद्यावर एक किलो वजन वाढायला साधारण साडेतीन ते चार किलो खाद्य लागते, म्हणजे दहा-बारा किलोचे पिल्लू ९० किलोवर न्यायला तीनशे किलोच्या आसपास. त्या खाद्याची, पिल्लाची आणि औषधाची किंमत मिळवून तिला ९० ने भागावे. खाटकाचा भाव त्याहून कमी असेल, तर मांस स्वतः विकण्याचे गिऱ्हाईक आणि त्यासाठीची अन्न सुरक्षा नोंदणी हाताशी आहे का, हे पाहावे. दोन्ही नसेल तर ते वर्ष सोडून द्यावे.

पुरवठ्याकडेही लक्ष ठेवावे. तालुक्याच्या बाजारातल्या दोन-तीन दुकानांत कोणत्या दिवशी माल येतो आणि संध्याकाळी किती उरतो, हे चार-पाच आठवडे पाहावे. दुपारीच फळी रिकामी होत असेल, तर तिथे जागा आहे. रोगाची बातमीही बाजार हलवते. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० साली प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. त्यावर औषध नाही. तो माणसाला होत नाही, तरीही बातमी येताच घरगुती गिऱ्हाईक हात आखडते. अशा वेळी खाटीक घेईल का, हे त्याला आजच विचारून त्याचे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावे.