सुकटीतला जवळा कसा ओळखावा

सोलापूरहून समुद्र लांब, पण सुकट मात्र कुठल्याही आठवडे बाजारात मिळते. घेताना आपण ती कडक आहे ना, वाळू किती आहे, एवढंच बघतो. जरा निरखून पाहिलं तर त्या मुठीत एकाच जातीचे जीव नसतात. बहुतेक जवळा असतो, पण त्यात कोळंबीची पिल्लं आणि करंदीसारखे इतर बारके झिंगेही मिसळलेले असतात. डोलजाळ्यात, म्हणजे समुद्राच्या प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, हे सगळं एकत्रच येतं आणि एकत्रच वाळतं.

जवळा निवडायला दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन सुया आणि काळी बशी पुरे. पांढऱ्या बशीत फिकट पाय दिसत नाहीत. चुऱ्यातून डोकं-शेपूट शाबूत असलेले नग वेचा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि बशीत कुशीवर ठेवा.

आकारावर अजिबात जाऊ नका. जवळा दीड ते चार सेंटीमीटरचा, आणि कोळंबीचं पिल्लूही तेवढंच असू शकतं. खरी खूण पायांत आहे. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्याला तीनच. चौथी आणि पाचवी जोडी त्याला नसतेच. मोजताना दोन ठिकाणी गफलत होते. तोंडाजवळची जबड्याची शेवटची जोडी हुबेहूब पायासारखी दिसते, ती धरायची नाही. पोटाखालची वल्ह्यांसारखी पोहण्याची पावलंही सोडून द्यायची. वाळलेल्या मालात पाय तुटतात हे खरं, पण तुटलेल्या पायाचं खुंट उरतं. जवळ्याच्या तिसऱ्या, सगळ्यात लांब जोडीमागे पायाचं खुंटही नसतं. एका नगावर विसंबू नका, आठ-दहा तरी पाहा.

मग चोच बघा. डोळ्यांच्या मधून पुढे येणारा काटा जवळ्यात अगदी आखूड, जेमतेम दिसणारा. कोळंबीची चोच लांब आणि करवतीसारखी दातेरी. चोच फारच लांब आणि वर वळलेली, पाय कोळ्यासारखे बारीक लांब, असा नग सापडला तर पोटाचा दुसरा कप्पा तपासा. त्याची बाजूची पाळ पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कप्प्यांवर चढलेली असेल तर तो झिंगा वेगळ्याच गटातला. उजनीच्या पाण्यातले गोडे झिंगेही याच गटातले. जवळ्याची पाळ अशी दोन्हीकडे चढत नाही.

इथवर 'असेटस' ही प्रजाती, म्हणजे जवळ्याच्या जातींचा गट, नक्की होते. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जवळ्यात मुख्य जात 'असेटस इंडिकस'. तिचं वर्णन मिल्न एडवर्ड्स यांनी 1830 साली केलं. पण त्या किनाऱ्यावर तिच्या भावकीतल्या इतर जातीही आहेत, आणि त्यांतला फरक घरच्या भिंगाला झेपत नाही. त्यासाठी नर लागतो. नराच्या लहान मिशांच्या जोडीतला खालचा फाटा मादीला धरण्यासाठी आकड्यासारखा झालेला असतो. त्या आकड्यावरचे काटे आणि पोटाखालच्या पहिल्या पावलांमधला नराचा अवयव पाहून जात ठरते. हे काम कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीच करावं. तिकडे नेताना चुरा नेऊ नका. मिशा शाबूत असलेले नग कापसात गुंडाळून डबीत न्या.