सेवा सोपवल्यानंतरची चाळीस मिनिटं

चर्चचा पाळक होऊन सात वर्षं झाली तेव्हा मी आजारी पडलो आणि सहा आठवडे अंथरुणाला खिळलो. रविवारची उपासना मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, कशीबशी चालवली. बुधवारची प्रार्थनासभा, तरुणांचा बायबल अभ्यास, आजाऱ्यांच्या भेटी मात्र बंद पडल्या. मंडळीत माणसं कमी नव्हती, मीच कोणाला काही करू दिलं नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो थांबवतो, तो बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 18वा अध्याय मी कितीदा तरी शिकवला होता. अंथरुणात पडल्यावर तो मला उद्देशून आहे हे कळलं. तेव्हापासून माणसं घडवणं हे मी माझ्या सेवेतलं पहिलं काम मानतो. ते कसं करतो, ते इथे सांगतो.

आधी निवड. चांगलं बोलणारा, खणखणीत प्रार्थना करणारा लगेच डोळ्यांत भरतो. तिथे घाई करू नका. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या पहिल्या पत्रातला 3रा अध्याय उघडून अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या, गुणांची यादी वाचा. शिकवण्याचं कौशल्य तिथे एकदाच येतं. बाकी जवळजवळ सगळं वागण्याबद्दल आहे: राग, पैसा, घर, बाहेरच्यांमधलं नाव. नवशिक्याला नेमू नये, हेही तिथेच सांगितलं आहे. म्हणून दोन-तीन महिने नुसतं पाहा. सभा संपल्यावर कोण मागे थांबतं? नव्या माणसाशेजारी कोण जाऊन बसतं? लोक आपली अडचण आपणहून कोणाला सांगतात? अशी माणसं बहुतेक वेळा आधीच मेंढरं सांभाळत असतात, फक्त त्यांना कोणी तसं म्हटलेलं नसतं.

एका वेळी दोघं किंवा तिघं घ्या, जास्त नकोत. मार्काच्या शुभवर्तमानात (3:14) येशू बारा जणांना नेमतो, ते आपल्याबरोबर असावेत म्हणून आणि त्यांना पाठवावं म्हणून. आधी बरोबर असणं, मग पाठवणं. आजाऱ्याच्या भेटीला जाताना त्यांना सोबत न्या आणि परतताना विचारा, ‘तू काय पाहिलंस?’

मग काम सोपवा, पण अख्खं. नुसती घोषणा वाचायला किंवा खुर्च्या मांडायला देऊन कोणी घडत नाही. प्रार्थनासभा द्यायची तर वचन कोणतं, वेळ कशी वाटायची, साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव) कोण देणार, हे सगळं त्यानेच ठरवावं. काय त्याच्याकडे नाही, तेही पहिल्याच दिवशी लिहून द्या. आमच्याकडे पैशाचे निर्णय वडिलांकडे असतात. आणि लहान मुलांच्या किंवा कोणाच्याही सुरक्षिततेचा प्रश्न कानावर आला, तर तो कोणीही गुपित म्हणून पोटात ठेवायचा नाही, त्याच दिवशी कळवायचा. यात मी कधीच सूट देत नाही.

आता खरं काम. सेवा झाल्यावर दोन दिवसांच्या आत मी त्या माणसाबरोबर चाळीस मिनिटं बसतो. त्याच रात्री नाही, तेव्हा माणूस एक तर हवेत असतो नाही तर खचलेला. बसल्यावर पहिला प्रश्न: ‘काय काय घडलं?’ चांगलं-वाईट नको, फक्त घडलेलं. दुसरा: ‘तू कुठे अडखळलास?’ तिसरा: ‘पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करशील?’ ती एक गोष्ट त्याने स्वतःच्या वहीत, स्वतःच्या शब्दांत लिहायची. पुढची बैठक त्याच पानापासून सुरू होते.

एका तरुणाने पहिली प्रार्थनासभा घेतली. वचनावर दहा मिनिटं बोलायचं ठरलं होतं, तो पस्तीस मिनिटं बोलला. मला सगळं दिसत होतं आणि सांगायला जीभ शिवशिवत होती. मी एवढंच विचारलं, ‘किती जणांनी प्रार्थनेचे विषय सांगितले?’ तो मोजायला लागला. दोघांनी. मग बराच वेळ गप्प बसला. मीही गप्प राहिलो, आणि तेच मला सगळ्यात अवघड गेलं. शेवटी तो म्हणाला, ‘पाळकसाहेब, त्या आजी हात वर करत होत्या. मी पुढे गेलो.’ दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करून आला. मी तेच त्याला ऐकवलं असतं तर त्याने मान डोलावली असती, आजींकडे गेला असता असं मला वाटत नाही.

चूक शिकवणुकीतली असेल तर मात्र प्रश्नांवर थांबू नका, स्पष्ट सांगा, पण एकांतात. पहिल्या मंडळीच्या काळातला उपदेशक अपुल्लो शास्त्रात निपुण होता, तरी त्याला योहानाचा बाप्तिस्माच (येशूच्या आधी आलेल्या योहानाने दिलेला) ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने त्याला सभास्थानात अडवलं नाही. आपल्याकडे घेऊन अधिक नीट समजावलं.

आणि कोणी अर्ध्यावर सोडून गेला तर? पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सेवेच्या प्रवासाला निघालेला मार्क पंफुल्या प्रांतातून परत फिरला. पुढच्या फेरीत पौलाने त्याला नेण्यास नकार दिला, वाद झाला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र (सायप्रस) बेटावर गेला. शिष्य शौलाला, म्हणजे याच पौलाला, भीत होते तेव्हा त्याला प्रेषितांकडे नेणाराही हाच बर्णबा. पुढे तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. मी पौलाला दोष देत नाही, काम जोखमीचं होतं. पण जो परत फिरलाय त्याच्याबरोबर कोणीतरी जायला हवं. त्याला लहान काम द्या, बैठक मात्र चुकवू नका.

सहा महिन्यांनी मी एक नवा प्रश्न घालतो: ‘तुझ्याबरोबर कोण येतं?’ पौलाने तीमथ्याला जे सोपवलं ते विश्वासू माणसांना आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवायचं होतं. उत्तरात एखादं नाव येईपर्यंत मी त्याच्यावर आणखी मोठी जबाबदारी टाकत नाही.